मागच्या चाकांना लॉक हवाच का? गगनबावड्याच्या एका पिकअपचं प्रकरण

मागणी एका वाक्याची होती: पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटणाऱ्या दातऱ्यांच्या पेटीला, लॉक बसवून द्या. मालक गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीचं दूध सकाळ-संध्याकाळ गोळा करून खाली कोल्हापूर रस्त्यालगतच्या संकलन केंद्रावर पोचवतात. गाडी फोर बाय फोर, सिंगल केबिन, जुनी घेतलेली. पुढे-मागे दोन्हीकडे साधं डिफरन्शियल, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग), वर लांब हौदा. चालवतो त्यांचा पुतण्या. मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण यातलं जवळजवळ सगळं कुठल्याही पाटेवाल्या पिकअपला लागू आहे.

तक्रार पुतण्याच्याच तोंडून ऐकावी अशी होती. "मिस्त्री, फोर बाय फोर टाकलं तरी गाडी जाग्याव उभी. दोन चाकं गरागरा फिरत्यात, दोन नुसती बघत बसत्यात." त्यावर मालक म्हणाले, "ट्रॅक्टरला हाय की लॉक. मग पिकअपला नको व्हय?"

याचं उत्तर एका शब्दात देणारे कोल्हापुरात पुष्कळ भेटतात. थारवाल्या पोरांना विचारा, लॉकशिवाय रानात शिरायचंच नाही. जुन्या ड्रायव्हरांना विचारा, हात बसला असेल तर लॉक लागतच नाही. गाडी नेमकी कुठे अडते आणि अडते तेव्हा कुठलं चाक फिरतं, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. मी लॉकचा भाव सांगण्याआधी रस्ता बघायला गेलो.

रस्ता

कोल्हापूरहून गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर. कळे, असळज करत जाणारा हा रस्ता पक्का आहे, तिथे काही प्रश्न नाही. फाटा सोडला की पाणंद लागते. माती तांबडी, चिकट. जून-जुलैत चिखलणीला निघालेले केज व्हीलचे (लोखंडी पिंजऱ्यासारख्या चाकांचे) ट्रॅक्टर तिच्यातून जातात, थंडीत उसाच्या ट्रॉल्या. त्यामुळे चाकोऱ्या खोल आणि मधला वरंबा उंच. पुढे ओढा आडवा येतो. ओढ्याच्या पलीकडे जांभ्याची एक पायरी आहे, गुडघ्याच्या आतबाहेर उंचीची, आणि ती सरळ नाही, तिरकी आहे. पायरी चढली की थोडा सडा, म्हणजे उघडा कातळ, एका बाजूला ओढ्याकडे कललेला. मग वाडी. गगनबावडा महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या तालुक्यांपैकी, म्हणजे पावसाळाभर त्या सड्यावर शेवाळ धरलेलं असतं. तिथून माणूसही जपून चालतो.

मालकांच्या ट्रॅक्टरचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. उलट या भागातल्या शेतकऱ्याला डिफरन्शियल समजावून सांगायची सोपी वाट तीच. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातऱ्यांची पेटी आसाच्या (ॲक्सलच्या) मधोमध असते. पण ही पेटी जोर दोन्हीकडे सारखाच वाटते. एक चाक हवेत गेलं किंवा शेवाळावर आलं की त्याला फिरवायला जेवढा थोडका जोर लागतो, तेवढाच दुसऱ्या, चांगल्या जमिनीवरच्या चाकाला मिळतो. समजा सुटलेलं चाक १०० न्यूटन-मीटरला (हे पिळाच्या जोराचं माप) घसरतं आणि दुसऱ्याची पकड १५०० झेलण्याइतकी आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये ओढ किती? १०० अधिक १००, म्हणजे २००. इंजिन कितीही रेटा, आकडा बदलत नाही. लॉक लावला की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बांधली जातात आणि पकड असलेलं चाक स्वतःचे १५०० वापरू शकतं. ट्रॅक्टरचा लॉक टाचेने दाबला की चिखलातला ट्रॅक्टर सुटतो, तो याचमुळे.

फोर बाय फोरचा दांडा हे काम करत नाही. तो पुढचा आस आणि मागचा आस यांना एकमेकांशी बांधतो. डावं-उजवं चाक मोकळंच राहतं. म्हणून पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरकी जोडी एकदम सुटली की फोर बाय फोर असून गाडी उभी. पुतण्या जे सांगत होता ते हेच. पण हे दर वेळी असंच होत होतं का?

चुन्याची रेघ

तपासणीला फार काही लागलं नाही. चारही टायरच्या बाहेरच्या अंगाला चुन्याची जाड रेघ ओढली, दोन पोरांना दोन बाजूंना मोबाइल घेऊन उभं केलं, आणि गाडी रोजच्या वाटेने नेली. जुलैचा भर पाऊस होता. जिथे थांबली तिथे चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघितलं: कुठली रेघ फिरते, कुठली थांबली आहे.

पाणंदीत चारही रेघा फिरत होत्या. माती टायरच्या खाचांत अशी भरली होती की नक्षी उरलीच नव्हती, चारी टायर गुळगुळीत. इथे लॉक नसल्यामुळे गाडी अडत नाही. पकड कुणालाच नाही, तर ती वाटायची कशी? लॉकने थोडाफार फरक पडला असता, कारण डाव्या-उजव्या चाकाखालची माती अगदी सारखी कधीच नसते. पण पैसे मोजावेत इतका नाही.

त्याच पाणंदीत पुढे एके ठिकाणी गाडी वरंब्यावर टेकली. मागच्या आसाचा गोळा, म्हणजे डिफरन्शियलचा फुगीर भाग, मातीत घुसला होता आणि चाकं चाकोरीत अधांतरी. इथे लॉक लावला असता तर चाकं एकसारखी फिरली असती, बाकी काही झालं नसतं. हा रोग फावड्याचा आणि मुरमाचा.

तिसरी जागा ती तिरकी पायरी. तिथे मात्र पुतण्याचं बोलणं शब्दशः खरं निघालं. पुढचं डावं चाक पायरीवर चढलं. बाकीची चाकं मी नुसता तिथे उभा राहून चुकीची समजलो असतो; चित्रीकरणात दिसलं ते असं. चढलेलं चाक दाबात होतं, त्याची रेघ थांबलेली. त्याच्या तिरक्या समोरचं मागचं उजवंही दाबात, तेही थांबलेलं. सुटलेली जोडी म्हणजे पुढचं उजवं आणि मागचं डावं. मागचं डावं जमिनीपासून बोटभर वर उचलून फिरत होतं. लॉक ज्यासाठी बनतो तो प्रसंग हाच.

पण याच पायरीवर सकाळी गाडी चढते, असं पुतण्या सहज बोलून गेला. संध्याकाळीच नखरे करते. मालकांना वाटत होतं संध्याकाळपर्यंत ओढ्याला पाणी वाढतं म्हणून. मला वेगळी शंका आली. सकाळी वर जाताना हौद्यात वाडीची पेंड असते. संध्याकाळी फक्त रिकामे कॅन. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाणी तेवढंच असताना, आधी रिकामी गाडी चढवून बघितली, अडली. मग पन्नास किलोची आठ पोती बरोबर मागच्या आसावर रचली. गाडी लो-रेंजच्या (फोर बाय फोरच्या संथ, जास्त ओढीच्या गेअरजोडीच्या) पहिल्या गेअरवर, धावती न घेता, वर गेली.

पिकअपचं हे दुखणं जीपवाल्यांच्या चर्चेत येत नाही. पिकअपचे पाटे टनभर ओझ्यासाठी बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते दबतच नाहीत, म्हणजे खड्ड्यात चाक खाली जायला हवं तिथे ते वरच राहतं. त्यात आसांमधलं अंतर मोठं. टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपमध्ये ते ३,०८५ मिलीमीटर आहे. मागे वजन नाही, पाटे ताठ, अंग लांब: अशी गाडी तिरक्या जागी पाय उचलणारच. ओझं टाकलं की पाटे दबतात, चाक खड्ड्याच्या तळाशी पोचतं आणि प्रश्न बराचसा संपतो. म्हणून पिकअपला लॉक हवा का, याआधी विचारायचं ते असं की अवघड वाट तुम्ही भरल्या गाडीने काढता की रिकाम्या. भरल्या गाडीला लॉकची गरज कमी, रिकामीला जास्त.

हँडब्रेकची गोष्ट

पुतण्याचा एक तोडगा होता आणि तो पुष्कळ ड्रायव्हर सांगतात: चाक फिरायला लागलं की हँडब्रेक थोडा ओढायचा, जोर दुसऱ्या चाकाला जातो. ऐकायला पटतं. हिशेबात मात्र काही उरत नाही. मघाचेच आकडे घ्या. हँडब्रेकने दोन्ही मागच्या चाकांना ४०० चा अडथळा केला. आता सुटलेल्या चाकाला फिरायला ५०० लागतात, म्हणून डिफरन्शियल दुसऱ्यालाही ५०० देतं, हे खरं. पण त्या दुसऱ्या चाकाचाही ब्रेक ओढलेला आहे. ४०० तोच गिळतो. जमिनीला पुन्हा १००.

मग काहींची गाडी का सुटते? कधी हँडब्रेकची वायर एका बाजूला जास्त ताणलेली असते आणि नशिबाने फिरणारं चाक त्याच बाजूचं निघतं. कधी आसात लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन्ही चाकांना थोडंफार बांधून ठेवणारं डिफरन्शियल असतं, आणि तिथे ही युक्ती खरोखर चालते. साध्या डिफरन्शियलवर ती विसरावी. ट्रॅक्टरवाल्याला हे पटकन कळतं, कारण त्याच्याकडे डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात आणि चिखलात तो फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक दाबतो. नव्या गाड्यांतलं ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम सेन्सरवर करतं: जे चाक मोकळं फिरतंय त्या एकट्यालाच ब्रेक. ते चांगलं चालतं, फक्त चाक आधी थोडं फिरावं लागतं, आणि सारखं वापरलं तर ब्रेक तापतात. या गाडीत ते नव्हतं.

कुठला लॉक

तोवर उद्यमनगरातल्या एका ओळखीच्याने मालकांना स्वस्तातला उपाय सांगून ठेवला होता: आतल्या दातऱ्यांना वेल्डिंग मारून घ्या, कायमचा लॉक. उद्यमनगरात काय होत नाही! लेथवर, भट्टीवर वाट्टेल ते बनवून देणारी माणसं तिथे आहेत, आणि वेल्डिंगही पक्कं झालं असतं. पण ही गाडी रोज पक्क्या रस्त्यावरही धावते, कधी पेंडीसाठी कोल्हापूरला, कधी करूळ घाट उतरून कोकणात. कायम बांधलेला आस वळणावर आतलं चाक फरफटत नेतो. गाडी वळायला नकार देते, टायर झिजतात, ॲक्सल पिळवटतात, आणि ओल्या घाटात रिकामी पिकअप मागून सरकते. हे मी करून देणार नाही असं सांगितलं आणि दुसरीकडेही करू नका असंही.

राहिले तीन पर्याय. लिमिटेड स्लिप, म्हणजे क्लच प्लेटांच्या घर्षणावर चालणारं. रस्त्यावर सभ्य, पण चाक हवेत गेलं की त्याचा जोर तुटपुंजा, आणि प्लेटा झिजतात. दुसरा आपोआप लागणारा लॉक; थारच्या काही व्हेरियंटना मागे मिळतो तो ईटन कंपनीचा याच जातीचा. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की तो झटक्यात धरतो, आणि वेग वाढला की धरत नाही. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही, हा त्याचा गुण. या वाटेवर तोच दोष ठरला असता.

कारण तो कललेला सडा. साध्या डिफरन्शियलमध्ये शेवाळावर एक चाक फिरलं तरी जोडीचं चाक थांबलेलं असतं, आणि थांबलेलं चाक गाडीला आडवं सरकू देत नाही. लॉक लागला की दोन्ही एकदम फिरतात, दोघांचीही पकड एकदम जाते आणि मागचं अंग उताराच्या दिशेने, इथे ओढ्याकडे, घसरतं. आडव्या उतारावर लॉक गाडी वाचवत नाही, घालवतो. लॉक केव्हा लागावा हे अशा जागी माणसाच्याच हातात पाहिजे. म्हणून, बसवायचाच तर हव्या त्या वेळी लावता-काढता येणारा: हवेचा, विजेचा किंवा वायरचा. हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली ती मागे विजेवर चालणारा असा लॉक घेऊनच. मालकांनी तिचीही चौकशी केली होती. किंमत ऐकून दुधाच्या हिशेबात बसत नाही म्हणाले.

एक कागदी भाग. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरबदल करण्यावर बंधनं आहेत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत असा निकाल दिला. त्यामुळे टायरचं माप कंपनीने दिलेल्या मापाबाहेर न्यायचं नाही, आणि कुठलाही सुटा भाग आत घालण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून उत्तर लेखी घ्यायचं, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांनी तर हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा.

काय केलं

लॉक त्या पावसाळ्यात बसवला नाही. आधी त्याच मापाचे ऑल टेरेन टायर घातले, कारण तीनपैकी पहिली जागा टायरचीच होती. मागच्या टायरांत पूर्ण ओझ्याची हवा कायम भरलेली असायची. रिकाम्या फेरीला पाणंदीच्या तोंडाशी ती बरीच उतरवायची आणि खाली आल्यावर छोट्या कंप्रेसरने पुन्हा भरायची, असं ठरलं. पुतण्याने पहिले काही दिवस कुरकुर केली. हवा फार उतरवायची नाही हेही सांगितलं, कारण ट्यूबचा टायर रिमवर सरकला की व्हॉल्व्ह उपटतो. वरंब्याच्या जागी वाडीतल्या लोकांनी दोन ट्रॉल्या मुरूम टाकला. कायमच्या कामासाठी सरकारच्या पाणंद रस्ते योजनेतून रस्ता मागायचं ग्रामपंचायतीत बोलणं चालू आहे, त्यात माझं काही काम नाही.

पायरीसाठी संध्याकाळच्या फेरीला वाळूची पोती. हे चाललं, पण मालकांना ते आवडलं नाही आणि त्यांचं बरोबर होतं. रोज चारशे किलो वाळू डोंगरावर न्यायची आणि परत आणायची, डिझेल जाळत, क्लच घासत, पाटे दमवत! दुधाच्या धंद्यात असा खर्च महिन्याअखेरीला दिसतो. पुतण्या हळूहळू पोती घरीच ठेवून जायला लागला आणि पायरीवर गाडी धावती घेऊन मारायला लागला. चढायची. ऑगस्टअखेर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनचा जोर आसापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) तुटला.

तो तुटलेला क्रॉस हातात घेतल्यावर माझं मत लॉकच्या बाजूला झुकलं. लॉक नसताना ती पायरी चढत नव्हती असं नाही. वजनाने चढत होती, वेगानेही चढत होती. पण वजन रोज वाहायचं आणि वेगाने रोज काहीतरी मोडायचं. लॉकने मिळणार होता तो संथपणा. लो-रेंज, पहिला गेअर, पाय जवळजवळ क्लचवरून काढलेला, आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने पायरीवर. आठवड्यातून एकदा रानात हौसेला जाणाऱ्याला धावती घेणं परवडतं. वर्षभर रोज तीच पायरी रिकाम्या गाडीने चढणाऱ्याला परवडत नाही.

दिवाळीनंतर, कागद लेखी हातात आल्यावर, मागे हवेवर चालणारा लॉक बसवला. खर्च टायरांच्या खर्चापेक्षा बराच जास्त आला. क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलला फिरवणारी मुख्य दातऱ्यांची जोडी, पुन्हा मापात बसवणं हे त्यातलं खरं कसबाचं काम. तिथे घाई केली की गाडी आयुष्यभर घूं-घूं करते. आसाच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर जायच्या भोकाला) नळी जोडून तोंड वर नेलं, कारण तापलेला गोळा ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदलायचं, हे मालकांना सांगावं लागलं नाही.

पुतण्याला वापर शिकवायला लॉक बसवण्याइतकाच वेळ गेला. ओढ्यातून बाहेर आल्यावर थांबायचं, चाकं सरळ करायची, लॉक लावायचा, मग पायरी. चाक गरागरा फिरत असताना बटण दाबायचं नाही. आतले दात एकमेकांवर आपटून तुटतात. पायरी संपली की सड्यावर पाय ठेवण्याआधी लॉक काढायचा, आणि काढला म्हणून लॉकचा दिवा विझेलच असं नाही, आस पिळलेला असतो. थोडं मागे-पुढे करून तो सुटू द्यायचा, दिवा विझल्यावरच पुढे. पक्क्या रस्त्यावर लॉकला हात नाही.

पुढचा पावसाळा असा गेला की पायरीवर गाडी अडली नाही आणि क्रॉसही टिकला. पाणंदीत दोनदा रुतली, ट्रॅक्टरने ओढून काढली. तिथे लॉक लावून बघितला का, असं मी पुतण्याला विचारलं. "लावला की. चारीबी चाकं एका सुरात फिरली."

आता मालकांना पुढेही लॉक हवा आहे. मी नको म्हटलंय. पायरी चढताना वजन मागे सरकतं, ओढायचं काम मागचा आस करतो आणि तो बांधलेला आहे. पुढचा बांधला तर स्टिअरिंग जड होईल आणि त्या कललेल्या सड्यावर चुकून लावलेला राहिला तर गाडी वळणारच नाही, सरळ ओढ्याकडे जाईल. "आण्णा, तेवढ्या पैशात पाणंदीवर मुरूम टाका," असं सांगितलं. ते म्हणाले, "मुरूम सगळ्या गावाला हुतोय, लॉक माझ्या एकट्याचा ऱ्हातोय." यावर माझ्याकडे यांत्रिक उत्तर नव्हतं.